अल्गोलचा अदृश्य जोडीदार



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने या व्यासपीठावरून ताऱ्यांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत हे माझे रोजचे विषय. खगोलशास्त्राची कोणतीही पदवी माझ्यापाशी नाही. जे काही ठाऊक आहे ते नगरवाचनालयातल्या पुस्तकांतून आणि गच्चीवर जागून मिळवलेले आहे. तरीही संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी एका ताऱ्याचे नाव सांगितले. तसे का केले ते शेवटी सांगेन.

प्रथम तारा कोठे आहे ते पाहू. मार्गशीर्ष-पौषातल्या रात्री उत्तरेकडे तोंड करून वर पाहिले, की शर्मिष्ठेची एम् अक्षरासारखी आकृती दिसते. तेथून उजवीकडे, कृत्तिकांच्या रोखाने नजर आणली म्हणजे ययाती हा तारकासमूह लागतो. ययातीतील ठळकपणात दुसरा तारा तो अल्गोल. सध्या वैशाखात तो सूर्याच्या बाजूस आहे, म्हणून या मांडवाबाहेर जाऊन शोधलात तर सापडणार नाही. दिवाळीपर्यंत थांबावे लागेल. एरवी हा दुसऱ्या प्रतीचा, चांगला तेजस्वी तारा आहे. परंतु दर २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी त्याचे तेज ढळू लागते. सुमारे पाच तासांत ते जवळजवळ एक तृतीयांशावर येते आणि पुढच्या पाच तासांत पूर्ववत होते. मग पुन्हा अडीच दिवस तारा जसाच्या तसा. यासाठी दुर्बीण लागत नाही. लागते ती नजर, आणि नजरेपेक्षाही अधिक चिकाटी.

एवढी उघड गोष्ट प्राचीनांच्या लक्षात आली नसेल काय? अल्गोल हे नाव अरबी 'रास अल्-घूल' यावरून आले. अर्थ घूल नावाच्या राक्षसाचे मस्तक. एवढ्यावरून अनेकांनी असे अनुमान केले, की अरबांना या ताऱ्याचा डोळा मिचकावण्याचा स्वभाव ठाऊक असला पाहिजे. पण हे अनुमान टिकत नाही. ग्रीकांच्या कथेत पर्सियसच्या हाती गॉर्गनचे छाटलेले डोके आहे. टॉलेमीच्या तारकासूचीत हा तारा त्या डोक्यातला म्हणून नोंदलेला आहे. अरबांनी त्याचा आपल्या भाषेत तर्जुमा केला, इतकेच. २०१३ साली फिनलंडमधील काही संशोधकांनी असे मत मांडले, की तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पंचांगातील शुभाशुभ दिवसांत २.८५ दिवसांचे आवर्तन लपलेले आहे आणि ते अल्गोलचे असावे. ते मत वादग्रस्त आहे. इतिहासात नाव म्हणजे पुरावा नव्हे, आणि कारखान्यात तोंडी आश्वासन म्हणजे करार नव्हे. दोन्हीकडे नोंद पाहावी लागते. अल्गोलचे तेज बदलते अशी नोंद इटलीतील मोंतानारी याने १६७०च्या सुमारास केली. पण तो बदल कोणत्या नियमाने होतो, हे त्याला सांगता आले नाही.

नियम सापडला तो इंग्लंडमधील यॉर्क गावी, आणि सापडला तो अठरा वर्षांच्या एका बहिऱ्या मुलाला.

जॉन गुडरिक १७ सप्टेंबर १७६४ रोजी हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे जन्मला. घराणे यॉर्कशायरमधील जहागीरदारांचे. अगदी लहानपणी एका आजारात त्याची श्रवणशक्ती गेली. त्या काळी अशी मुले बहुधा शिक्षणावाचूनच राहत. परंतु एडिंबरोला टॉमस ब्रेडवुड याने १७६०मध्ये बहिऱ्या मुलांसाठी शाळा काढली होती. तेथे जॉनला धाडण्यात आले. पुढे वॉरिंग्टन येथील अकादमीत, ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीने तो गणित शिकला. गुडरिकला पैशाची ददात नव्हती, हे मी आरंभीच सांगून टाकतो. गरिबाघरच्या बहिऱ्या मुलाला त्या शाळेचा दरवाजाही दिसला नसता. गुणाला संधी लागते, आणि संधी त्या काळी विकत मिळत असे. आजही ती फारशी स्वस्त झालेली नाही.

यॉर्कमध्ये त्याचा शेजारी आणि नात्यातला माणूस होता एडवर्ड पिगट. पिगट वयाने मोठा, अनुभवी वेधकार. वडिलांची वेधशाळा, उत्तम घड्याळे व दुर्बिणी त्याच्यापाशी होत्या. तेज बदलणाऱ्या ताऱ्यांवर लक्ष ठेवण्याचा नाद त्याला होता, आणि तो त्याने जॉनला लावला. १२ नोव्हेंबर १७८२च्या रात्री गुडरिकने अल्गोलकडे पाहिले तो तारा नेहमीपेक्षा कितीतरी मंद! आपली नजर चुकली की हवेचा दोष, अशी शंका त्याला आली. पण नंतरच्या रात्री पाहावे तर तारा पूर्ववत तेजस्वी. दुसरा एखादा मुलगा ही गोष्ट चार जणांना सांगून विसरून गेला असता. गुडरिकने प्रत्येक निरभ्र रात्री अल्गोल पाहण्यास आरंभ केला.

त्याची पद्धत आपण समजून घेण्याजोगी आहे. तेज मोजण्याचे यंत्र त्याच्याजवळ नव्हते. तेव्हा ते कोणाजवळच नव्हते. त्याने शेजारच्या ताऱ्यांचे माप केले. अल्गोल या ताऱ्याहून उजळ आहे, त्याहून मंद आहे, अमक्याच्या बरोबरीचा आहे, असे तो घड्याळाच्या वेळेसह लिहून ठेवी. ज्याच्या हाती काटा नाही त्याने ओळखीचे दगड वजने म्हणून वापरावेत, तसे हे झाले. यॉर्कचे आकाश बहुतेक ढगाळ, थंडी हाडे फोडणारी. शिवाय दोन अंधारांमधला काळ पुऱ्या दिवसांत बसत नाही. आज रात्री बारा वाजता तेज किमान झाले, तर तीन दिवसांनी ते रात्री पावणेनवाच्या सुमारास होईल, आणखी तीन दिवसांनी संध्याकाळी साडेपाचला, आणि त्यापुढचे दिवसाच्या उजेडात बुडून जाईल. पंधरा आवर्तने झाली म्हणजे ४३ दिवस आणि वर पाव तास होतो. तेव्हा कुठे घटना पुन्हा जवळपास त्याच वेळेला येते. मधल्या काळात ढग आले तर सगळे मुसळ केरात. असे असूनही पुढच्या वसंतापर्यंत गुडरिकने आवर्तनकाळ काढला. आरंभी काही मिनिटांची चूक होती, तीही त्याने पुढे दुरुस्त केली. २ दिवस, २० तास, ४९ मिनिटे हा आकडा आजही पुस्तकांत तसाच आहे.

मे १७८३मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. त्यात वेधांखेरीज दोन-चार ओळींत त्याने कारणही सुचवले होते. एकतर एखादे मोठे पिंड अल्गोलभोवती फिरत असावे आणि ते आड येऊन प्रकाश झाकला जात असावा. अथवा ताऱ्याच्या एका अंगावर डाग असावेत, आणि तो स्वतःभोवती फिरताना डागांची बाजू आपल्याकडे येत असावी. दोन शक्यता समोर ठेवून तो थांबला. या थांबण्याचे मला मोठे कौतुक वाटते. अठरा-एकोणीस वर्षांचे वय हे निकाल देऊन मोकळे होण्याचे वय असते.

त्याच वर्षी सोसायटीने त्याला आपले सर्वोच्च मानचिन्ह, कॉप्ले पदक, दिले. आणि त्याच वर्षी जर्मनीत ड्रेस्डेनजवळील प्रोह्लिस या खेड्यातल्या योहान पालित्श या शेतकऱ्याने अल्गोलचा नियम स्वतंत्रपणे शोधून काढला होता. हा तोच पालित्श, ज्याने १७५८च्या नाताळाच्या रात्री हॅलेचा धूमकेतू भाकितानुसार परत येताना सर्वांच्या आधी पाहिला. दिवसा शेती आणि रात्री वेध असा त्याचा क्रम. अल्गोलच्या गोष्टीत गुडरिकच्या नावाशेजारी त्याचेही नाव घेतले जावे असे मला वाटते. कष्टकऱ्याला अशा गोष्टींत रस नसतो, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. त्याला हे उत्तर आहे.

गुडरिकला पुढे फार काळ लाभला नाही. १७८४मध्ये त्याने आणखी दोन ताऱ्यांचे तेज बदलते हे शोधले. एक स्वरमंडळातील बीटा, सुमारे १३ दिवसांच्या आवर्तनाचा. दुसरा वृषपर्वातील डेल्टा, आवर्तन पाच दिवस नऊ तासांच्या आसपास. १६ एप्रिल १७८६ रोजी रॉयल सोसायटीने त्याला सदस्य म्हणून निवडले. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, तो वारला. वय २१ वर्षे. रात्रीच्या वेधांत बाधलेल्या थंडीमुळे तो गेला असे सांगतात. निवडीची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचली नसावी.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षे गुडरिकची पहिली सूचना तशीच पडून राहिली. त्याचे कारण लोकांचा करंटेपणा हे नव्हे. हर्षलच्या उत्तम दुर्बिणीतही अल्गोल एकटाच दिसत होता. दोन तारे एकमेकांभोवती खरोखर फिरतात, हेच मुळी हर्षलने सिद्ध केले ते १८०३मध्ये, म्हणजे गुडरिकच्या निबंधानंतर वीस वर्षांनी. जो दिसत नाही त्याच्या अस्तित्वाचा पुरावा द्यायचा कसा, हा प्रश्न होता. आणि त्याला लागणारे हत्यार अजून घडायचे होते.

१८८०मध्ये अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेचा संचालक एडवर्ड पिकरिंग याने ग्रहणाची कल्पना खरी धरून अल्गोलच्या तेजाचे गणित मांडले. दोन गोल किती आकाराचे, किती अंतरावर असले तर तेज असे उतरेल व असे चढेल, हे त्याने दाखवले. तरी हे गणित 'जर-तर'चे होते. पुरावा मिळाला १८८९मध्ये, जर्मनीतील पोट्सडाम येथे. हेर्मान व्होगेल याने अल्गोलच्या प्रकाशाचा वर्णपट छायाचित्रावर घेतला. आगगाडी शिट्टी देत आपल्याकडे येते तेव्हा तिचा आवाज चढा लागतो, दूर जाऊ लागली की उतरतो. प्रकाशाचेही तसेच आहे: तारा जवळ येत असेल तर वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूस. व्होगेलला आढळले, की अंधार पडण्यापूर्वी अल्गोल आपल्यापासून दूर जात असतो आणि अंधार सरल्यावर आपल्याकडे येत असतो. अदृश्य जोडीदाराभोवती फेर धरणारा तारा नेमका असाच वागला पाहिजे. डागांची कल्पना तेथे निकालात निघाली. बहिऱ्या मुलाची सूचना खरी ठरली; ती ठरायला एकशे सहा वर्षे लागली.

आता अशा ताऱ्यांचे शास्त्रात एवढे महत्त्व का, ते थोडे सांगतो. आकाशातला कोणताही तारा मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही बहुधा ठिपकाच दिसतो. त्याची रुंदी किती, वजन किती, हे ठिपक्याकडे पाहून कळणार कसे? ग्रहण करणारी जोडी मात्र आपला हिशोब आपणच मांडून दाखवते. ग्रहण किती तास चालले आणि फेरा किती दिवसांचा, या दोहोंच्या प्रमाणावरून ताऱ्यांचे आकार त्यांच्यामधील अंतराच्या मानाने कळतात. एका फेऱ्यात दोन ग्रहणे होतात: एकदा हा त्याला झाकतो, एकदा तो याला. फेरा वर्तुळाकार असेल तर दोन्ही वेळा झाकला जाणारा भाग सारख्याच क्षेत्रफळाचा असतो. म्हणून ज्या ग्रहणात प्रकाश अधिक घटतो त्यात झाकलेला तारा अधिक तप्त. दोन्ही घटींच्या प्रमाणावरून दोघांच्या पृष्ठतेजाचे प्रमाण मिळते.

उरले प्रत्यक्ष किलोमीटर. ते वर्णपट देतो. अल्गोलमधील तेजस्वी ताऱ्याचा वेग सेकंदास सुमारे ४४ किलोमीटर आहे. एका फेऱ्याचे सेकंद होतात सुमारे २ लाख ४८ हजार. गुणाकार केला की फेऱ्याचा परीघ आला, एक कोटी नऊ लाख किलोमीटर. आणि त्यावरून त्रिज्या सुमारे १७ लाख किलोमीटर. हे गणित माध्यमिक शाळेतल्या मुलाला जमेल असे आहे. दोन्ही ताऱ्यांचे वेग मिळाले तर दोघांच्या फेऱ्यांच्या त्रिज्या मिळतात. तराजूच्या दांडीवर जड वस्तू टेकूच्या जवळ आणि हलकी लांब ठेवावी लागते, तसा जड तारा लहान फेरा घेतो, हलका मोठा. मग न्यूटनचा नियम लावून दोघांचे वस्तुमान काढायचे. माणसाने ताऱ्याला हात न लावता त्याचे वजन केले, ते या रीतीने. १९१२मध्ये प्रिन्स्टन येथे हेन्री नॉरिस रसेल आणि त्याचा विद्यार्थी हार्लो शॅप्ली यांनी ही सारी रीत व्यवस्थित बसवली, आणि शॅप्लीने अशा ९० जोड्यांचा हिशोब करून दाखवला.

अल्गोलच्या बाबतीत एक अडचण होती. दुसरे ग्रहण कोणाला दिसतच नव्हते. जणू जोडीदार अगदी काळा असावा. १९१०मध्ये इलिनॉय विद्यापीठातील जोएल स्टेबिन्झ याने डोळ्यावर विसंबण्याऐवजी सेलेनियम या द्रव्याची प्रकाशमापक कुपी वापरली. प्रकाश पडला की सेलेनियमचा विद्युत्-रोध बदलतो. या साधनाने त्याला दुसरे ग्रहण सापडले: प्रकाशात जेमतेम पाच-सहा टक्क्यांची घट. म्हणजे जोडीदार काळा नाही. तोही तारा आहे, तेजाने दबलेला. आणि त्याच्या रेषा वर्णपटात प्रत्यक्ष सापडायला १९७८ साल उजाडले. टेक्सासमधील मॅकडॉनल्ड वेधशाळेत टॉमकिन आणि लॅम्बर्ट यांनी सोडियमच्या रेषांत त्याला पकडले, तेव्हा दोघांचे वजन प्रथमच सरळ काढता आले.

आजचे आकडे असे आहेत. तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३.१७ पट, त्रिज्या २.७ पट, पृष्ठभागाचे तापमान बारा-तेरा हजार अंश. जोडीदाराचे वस्तुमान सूर्याच्या अवघे ०.७ पट, पण त्रिज्या जवळजवळ ३.५ पट, तापमान पाच हजारांच्या आत. दोघांच्या केंद्रांतील अंतर सुमारे ९३ लाख किलोमीटर. पृथ्वी-सूर्य अंतराचा हा सोळावा हिस्सा. या जोडीभोवती एक तिसरा तारा सुमारे ६८० दिवसांत फेरी घालतो. सारे कुटुंब आपल्यापासून ९० प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. २०१२ साली कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरच्या सहा दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जुळवून घेतलेली या तिघांची चित्रे प्रसिद्ध झाली. गुडरिकने ज्याचा तर्क केला तो जोडीदार २३० वर्षांनी चित्रात आला.

या आकड्यांत एक विपरीत गोष्ट आहे, तिच्यामुळे शास्त्रज्ञांची झोप उडाली. तारा जितका जड तितका तो आपले इंधन उधळून टाकतो. दुप्पट वस्तुमानाचा तारा प्रकाश देतो दहापट. म्हणजे पुंजी दुप्पट, खर्च दहापट, आयुष्य पाचवा हिस्सा. तारा म्हातारा होऊ लागला की फुगतो आणि पृष्ठभागी थंड होतो. जुळी भावंडे म्हणून जन्मलेल्या दोघांत जड तारा आधी म्हातारा झाला पाहिजे. अल्गोलमध्ये उलटे दिसते. फुगलेला, थंडावलेला आहे तो हलका. जड तारा अजून भर तारुण्यात आहे. धाकट्याचे केस पिकावेत आणि थोरल्याला मिसरूड फुटावी, तसा हा प्रकार.

उलगडा १९५५च्या सुमारास झाला. क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने सुचवले, की आज जो हलका आहे तोच मुळात जड होता. मँचेस्टरचा झ्देन्येक कोपाल याने दाखवून दिले, की अशा जोड्यांतील फुगलेला तारा आपल्या गुरुत्वाच्या हद्दीपर्यंत अगदी काठोकाठ भरलेला असतो. ही हद्द एकोणिसाव्या शतकात एद्वार रोश या फ्रेंच गणितीने काढली होती. तारा त्या हद्दीबाहेर फुगला की वरचा वायू त्याच्या मालकीचा राहत नाही; तो जोडीदाराकडे वाहू लागतो. अशा रीतीने म्हाताऱ्याची बरीचशी पुंजी दुसऱ्याच्या पदरात गेली, आणि काल जो हलका होता तो आज जड झाला. १९६७मध्ये जर्मनीत किप्पेनहान व वायगेर्ट यांनी गणनयंत्रावर हे सारे पायरी-पायरीने मांडून दाखवले. त्यानंतर शंकेला फारशी जागा राहिली नाही. ताऱ्याचा आजचा ताळेबंद पाहून त्याचा जन्म ठरवू नये. मधली देवघेव आधी तपासावी, हा यातला धडा.

गुडरिकच्या दुसऱ्या ताऱ्याची, वृषपर्वातील डेल्टाची, हकीकतही थोडक्यात सांगितली पाहिजे. तो ग्रहणाने मंद होत नाही. तो स्वतःच फुगतो आणि आकसतो. त्याच्या जातीच्या ताऱ्यांचा नियम शोधला हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिटबाईंनी. त्या तेथे काचपट्ट्यांवरील तारे मोजण्याच्या कामावर होत्या. त्यांनाही नीट ऐकू येत नसे. वेतन तासाला ३० सेंट. हा दर मी मुद्दाम सांगतो, कारण शोधांच्या इतिहासात मजुरीचा रकाना बहुधा कोरा ठेवलेला असतो. आवर्तन जितके लांब तितका तारा मुळात अधिक तेजस्वी, हा त्यांचा नियम १९१२मध्ये २५ ताऱ्यांच्या आधारे प्रसिद्ध झाला, आणि त्यावरून दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजता आली. पुढे या दोन वाटा एकत्र आल्या. २०१० साली मोठ्या मॅगेलन मेघात या जातीचा एक तारा ग्रहणी जोडीत सापडला आणि त्याचे वस्तुमान एक टक्क्याच्या अचूकतेने मिळाले. २०१९ साली त्याच मेघाचे अंतर वीस ग्रहणी जोड्यांवरून काढण्यात आले: सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षे, चूक एक टक्का. विश्वाचे माप ज्या गजाने घेतले जाते, त्या गजाच्या दोन्ही टोकांना यॉर्कच्या त्या मुलाची बोटे लागलेली आहेत.

आता मी हा विषय का घेतला ते सांगतो. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात माझी संघटना आहे. हॅमरच्या ठोक्यांखाली वर्षानुवर्षे उभा राहणारा माणूस हळूहळू बहिरा होतो, हे तेथे सगळ्यांना ठाऊक आहे. वीसएक वर्षांपूर्वी वेतनकराराच्या वाटाघाटी होत्या. शिष्टमंडळासाठी सभासदांनी एका हॅमरमनचे नाव सुचवले. ते मी कापले. 'त्याला ऐकू येत नाही, चर्चेत त्याचा काय उपयोग?' असे मी भर सभेत म्हणालो. तो समोरच बसला होता. ऐकू आले नसेल, पण माझे ओठ त्याने वाचले असणार. तो उठून गेला. करार झाला. दोन महिन्यांनी तो माझ्याकडे एक वही घेऊन आला. तीन वर्षांचे प्रत्येक पाळीचे नग त्याने तारीखवार लिहून ठेवले होते. आम्ही ज्या सरासरीवर सही केली होती ती मुळातच चुकीची होती. बंद पडलेल्या हॅमरचे दिवस तीत धरलेले नव्हते. चूक पुढच्या करारापर्यंत दुरुस्त करता आली नाही. माझ्या एका वाक्याची किंमत चारशे माणसांनी तीन वर्षे मोजली.

त्यानंतर काही महिन्यांनी वाचनालयातल्या एका पुस्तकात मला गुडरिक भेटला. बहिरा मुलगा, हातात वही, वेळ आणि नोंद, वेळ आणि नोंद. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. ज्याला आपण ऐकू न येणारा म्हणून बाजूला सारतो, तो काय पाहत असतो हे आपण विचारीत नाही. त्या हॅमरमनची क्षमा मी मागितली आहे. त्याने ती दिली की नाही हे त्याने मला सांगितलेले नाही, आणि मीही पुन्हा विचारलेले नाही. पुढच्या प्रत्येक शिष्टमंडळात मात्र तो होता, आणि चर्चेतला प्रत्येक मुद्दा कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवण्याची शिस्त आम्ही लावून घेतली. त्या शिस्तीचा फायदा ऐकू येणाऱ्यांनाही झाला. लिहिलेला शब्द फिरवता येत नाही.

श्रोतेहो, येत्या दिवाळीनंतर एखाद्या निरभ्र रात्री गच्चीवर जा. अल्गोल शोधा, शेजारच्या दोन ताऱ्यांशी त्याची तुलना करा, आणि वेळ घालून एका वहीत लिहा. चार-सहा रात्री निष्फळ जातील. मग एके रात्री तो मंद दिसेल, आणि तुमच्याही मनात पहिल्याने हेच येईल, की आपली नजर चुकली. त्या वेळी वही मिटू नका.